परवान्याआधीची उजळणी

(हीरकमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशातील विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला मायदेशी रुग्णाच्या नाडीला हात लावण्यापूर्वी एक परीक्षा द्यावी लागते. २००२ सालापासून ती घेतली जात आहे. तिचे नाव ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन’. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ती ‘एफएमजीई’ किंवा नुसतीच ‘स्क्रीनिंग’. नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेस ही संस्था ती वर्षातून दोनदा, साधारणतः जून आणि डिसेंबर या महिन्यांच्या सुमारास, घेते. तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलेल्या उत्तराला गुणकपात नाही, आणि ३०० पैकी १५० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण. अट ऐकायला सोपी आहे. तरीही अलीकडच्या अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण पाचांत एकाच्या आसपासच घुटमळत राहिले आहे.

या आकड्यामागे घरे आहेत. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपीन्स, चीन, बांगलादेश अशा देशांत वैद्यक शिकायला गेली. कोणी भविष्यनिर्वाह निधी मोडला, कोणी जमिनीचा तुकडा विकला, कोणी कर्ज काढले. मुलगा किंवा मुलगी पाच-सहा वर्षांनी पदवी घेऊन परतते आणि नावामागे ‘डॉक्टर’ लागण्याऐवजी ‘परीक्षा केव्हा आहे?’ हा प्रश्न घरात येऊन बसतो. पहिल्या अपयशानंतर नातेवाइकांचे फोन कमी होतात, दुसऱ्यानंतर मुलगा लग्नकार्याला जाणे टाळू लागतो. बुद्धीची उणीव हे त्याचे कारण क्वचितच असते. पुष्कळदा उजळणीची रीत चुकलेली असते, आणि त्या रितीतही सर्वांत जास्त चुकते ते सामान्य वैद्यकाच्या, म्हणजे ज्याला विद्यार्थी ‘जनरल मेडिसिन’ म्हणतात त्या विषयाच्या बाबतीत.

विषयवार गुणांचा तक्ता समोर ठेवला की पहिली फसगत तिथेच होते. तीनशेपैकी शंभर प्रश्न शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक या विषयांचे. उरलेले दोनशे रुग्णालयीन विषयांचे: शस्त्रक्रियाशास्त्राला ३२, स्त्रीरोग व प्रसूतीला ३०, सामाजिक वैद्यकाला ३०, बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा यांना प्रत्येकी १५, आणि वैद्यकाला ३३. उमेदवार हिशेब मांडतो की तीनशेत तेहतीस म्हणजे जेमतेम अकरा टक्के. आणि हॅरिसनचा दोन खंडांचा ग्रंथ म्हणजे हत्तीच्या वजनाचा. मग तो सुटसुटीत विषय आधी घेतो आणि वैद्यक शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवतो.

तेहतीस हा आकडा फसवा आहे. औषधशास्त्राच्या प्रश्नात क्षयाची औषधे येतात, विकृतिशास्त्रात मूत्रपिंडाचे विकार येतात, बालरोगात तापातले झटके येतात, प्रसूतीशास्त्रात गरोदर स्त्रीचे हृदय येते, सामाजिक वैद्यकात हिवताप आणि डेंग्यू येतात. बावीस वर्षांची गरोदर स्त्री, सातवा महिना, जिना चढताना धाप आणि खोकल्यातून रक्ताचे ठिपके, असा प्रश्न प्रसूतीच्या रकान्यात छापलेला असला तरी त्याचे उत्तर संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेत असते. गरोदरपणी रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. एरवी कुरकुरत का होईना चालणारी झडप तो भार पेलू शकत नाही. ज्याने वैद्यक नीट उजळले त्याला या प्रश्नासाठी वेगळे काही पाठ करावे लागत नाही. म्हणून वैद्यक आधी घ्यावे आणि शेवटपर्यंत हाताशी ठेवावे.

आता उजळणी म्हणजे काय, हा मुद्दा. बहुसंख्य उमेदवारांच्या लेखी उजळणी म्हणजे पुनर्वाचन. तीच टिपणवही, तीच पिवळी-गुलाबी रेघोटी, तीच ध्वनिचित्रफीत दुप्पट वेगाने. तिसऱ्या वाचनाला पान ओळखीचे वाटते आणि ओळखीलाच ज्ञान समजले जाते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की निरर्थक अक्षरजोड्यांचे पाठांतर पहिल्या काही तासांत झपाट्याने विरते आणि पुढे विरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना उतारे दिले. एका गटाने ते पुनःपुन्हा वाचले. दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तितके लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे ध्यानात घेतले की या प्रयोगाचे मोल कळते.

जुन्या पिढीला हे नवीन नाही. पाटीवर पाढा लिहून, पुसून, पुन्हा न बघता लिहिण्याची सवय मराठी शाळेने पहिलीतच लावलेली असते. तीच सवय वैद्यकाला लावायची. कोरा कागद घ्यावा, वर ‘कावीळ’ लिहावे आणि पुस्तक न उघडता रुग्णाला विचारायचे प्रश्न, तपासायची चिन्हे, मागवायच्या चाचण्या आणि चुकवून चालणार नाहीत असे दोन-तीन आजार लिहून काढावेत. मग पुस्तक उघडून लाल शाईने भर घालावी. तीन दिवसांनी तोच कागद नव्याने, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. लाल शाई कमी होत गेली की उजळणी झाली. या कामात दमायला होते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. पुन्हा वाचण्यात मात्र गोड भ्रम असतो. कष्टाची रीत सोडून सुखाच्या रितीकडे वळणारे उमेदवार इथेच वाट चुकतात.

कागदाच्या वर रोगाचे नाव न लिहिता तक्रार लिहावी, ही दुसरी गोष्ट. पाठ्यपुस्तक रोगापासून लक्षणाकडे जाते. रुग्ण लक्षणापासून रोगाकडे येतो आणि चांगला प्रश्नही तसाच येतो. ‘छातीत दुखणे’ हा एकच कागद नीट भरला तर वैद्यकाचा केवढा भाग उजळून निघतो, ते पाहण्यासारखे आहे.

पंचावन्न वर्षांचा, मधुमेह असलेला गृहस्थ. तासाभरापासून छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, दरदरून घाम. दहा मिनिटांच्या आत ईसीजी, हे पहिले. आलेखात दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन पट्ट्यांत उंचावा दिसला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. आता प्रश्नकर्ता एक ओळ वाढवतो: रक्तदाब ८४ वर ५०, मानेतल्या शिरा फुगलेल्या, छातीचे दोन्ही भाते स्वच्छ. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात एवढेच राहते की झटका आला की जिभेखाली नायट्रेटची गोळी. थांबून वाचणाऱ्याला दिसते की फुप्फुसात पाणी नाही, मग रक्तदाब का पडला? उजवे हृदय थिजले आहे. उजव्या बाजूचा ईसीजी काढायचा, सलाइनने आधार द्यायचा, आणि नायट्रेट द्यायचे नाही, कारण उजव्या हृदयाकडे येणारे रक्तच त्याने आटते. परीक्षेत इथे एक गुण जातो. तालुक्याच्या रुग्णालयात हीच गल्लत झाली तर काय जाते, हे सांगायला नको.

त्याच कागदावर पुढे येतो साठीचा, वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या गोळ्या चुकवणारा माणूस. वेदना क्षणात सुरू झाली, फाटल्यासारखी, पाठीत गेलेली. दोन्ही हातांतला रक्तदाब वेगवेगळा. महारोहिणीचा पापुद्रा उलला आहे. झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले तर तेच जीव घेईल. मग शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस अंथरुणाला खिळलेली बाई, एक पोटरी सुजलेली, अचानक धाप: फुप्फुसाच्या धमनीत गुठळी. मग तरुण मुलगा, आडवे झाले की दुखते, पुढे वाकून बसले की बरे वाटते: हृदयावरणाचा दाह. मग उंच, सडपातळ तरुण, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, श्वासनलिका दुसऱ्या बाजूला सरकलेली, रक्तदाब कोसळतो आहे. इथे ‘पुढची पायरी’ या प्रश्नाला ‘क्ष-किरण’ हा पर्याय ठेवलेला असतो आणि कित्येकजण तो निवडतात. ताणाखाली साठलेल्या हवेचे निदान हातांनी आणि कानांनी करायचे असते. सुई घालून हवा सोडायची आणि क्ष-किरण मागाहून.

एका कागदावर पाच माणसे उभी राहिली. पुस्तकात ती पाच निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली असतात.

परदेशात शिकून आलेल्यांची एक खास अडचण असते, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. बिश्केक किंवा तिबिलिसीच्या रुग्णालयात विद्यार्थ्याने हृदयविकार पाहिलेला असतो, मद्यपानाने कामातून गेलेले यकृत पाहिलेले असते. पण मण्यार चावलेला शेतमजूर किंवा फवारणीचे औषध प्यालेली सून पाहिलेली नसते. शिवाय तिथले रुग्ण स्थानिक भाषेत बोलतात. इंग्रजी माध्यमात शिकणारा भारतीय विद्यार्थी खाटेशेजारी बहुधा श्रोताच राहतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्धामुळे युक्रेनमधून परतलेल्यांच्या तर शिक्षणाचा काही काळ केवळ पडद्यावर गेला. अशा उमेदवाराने इथल्या आजारांना उजळणीत वेगळी जागा दिलीच पाहिजे.

पावसाळ्यातला ताप घ्यावा. डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरताना जास्त. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, आणि पेशी उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणे, या खुणा. घरातील माणसे पेशींच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. डॉक्टरने लघवी, नाडी आणि हिमॅटोक्रिट पाहायचे असते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन द्यायचे नाही. पाण्यातून चालत गेलेला, पोटऱ्या ठणकणारा, डोळे लाल, पुढे कावीळ आणि लघवी कमी: लेप्टो. झुडपांतून हिंडून आलेला, काखेत किंवा जांघेत विडीच्या चटक्यासारखा काळा डाग: स्क्रब टायफस, आणि औषध डॉक्सिसायक्लिन. तो डाग अंगावरचे कपडे दूर केल्याशिवाय दिसत नाही, ही गोष्ट पुस्तकातल्या छायाचित्रावरून कळत नाही. व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडून बसलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस, पण आधी जी-सिक्स-पीडी पाहायचे आणि गरोदर स्त्रीला द्यायचे नाही. टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर. विडाल चाचणीला दुसरा आठवडा लागतो.

सापांचे तर मराठी माणसाला नावानिशी ज्ञान असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे: भारतातले बहुसंख्य विषारी दंश याच चौघांचे, आणि इथले प्रतिविष या चौघांसाठी मिळून बनवलेले असते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, दंशाची खूण जवळजवळ नाहीच, आणि उजाडताना पापण्या जड होतात: मण्यार. पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते: घोणस. निदानाचे साधन म्हणाल तर कोरडी स्वच्छ काचेची परीक्षानळी. दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग तिरपे करायचे. रक्त वाहिले तर विषाने गोठण्याची शक्ती घालवली आहे. नळी प्लॅस्टिकची असेल तर चाचणी फसते, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानेच नीट सुरू होते. असे प्रश्न या परीक्षेत शोभतात, कारण उत्तीर्ण झालेल्या मुलाला हे सहा महिन्यांच्या आत करावे लागू शकते.

फवारणीच्या औषधाची विषबाधाही तशीच. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी मंद, स्नायूंची फडफड. ॲट्रोपिन कुठवर द्यायचे, असा प्रश्न येतो आणि ‘बाहुल्या मोठ्या होईपर्यंत’ हा पर्याय भुरळ घालतो. उत्तर आहे छातीतला स्राव सुकेपर्यंत. रुग्ण डोळ्यांमुळे मरत नाही, स्वतःच्याच स्रावात बुडून मरतो. हे एकदा कळले की पर्याय पाठ करावा लागत नाही.

आता भाषेविषयी, कारण मराठी माध्यमाच्या शाळेत हा विषय काढल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मातृभाषेत शिकलेल्या मुलाला इंग्रजी पारिभाषिक शब्द उशिरा भेटतात, म्हणून तो मागे पडतो, असे अनेक पालकांना वाटते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते हे खरे, आणि तिचे इंग्रजी अंगवळणी पाडावेच लागते. पण इंग्रजी प्रश्नाचा ज्याने मनातल्या मनात बोलता रुग्ण केला त्याला मराठी कशी हात देते, याचा एक नमुना पाहावा. इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘डिझिनेस’ असा एक मोघम शब्द असतो आणि त्याचे तीन-चार अर्थ वेगळे करायला पानभर मजकूर लागतो. मराठी आजी ते वेगळे करूनच सांगते. ‘गरगरतंय’ म्हणाली, अंथरुणात कूस बदलली की घर फिरते म्हणाली, तर आतल्या कानाकडे पाहायचे. ‘उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणाली तर उभे करून रक्तदाब मोजायचा, गोळ्यांची पिशवी मागवायची. जिना चढताना अंधारी येत असेल तर हृदयाची महारोहिणीकडची झडप ऐकायची. ‘तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो’ म्हणाली तर मज्जारज्जूची मागची बाजू आणि बी-बारा. चार वाक्ये, चार वेगळ्या तपासण्या, आणि मुलीने कोणतेही पुस्तक उघडलेले नाही.

‘खोकला’, ‘ठसका’ आणि ‘ढास’ हेही एक नव्हेत. जेवताना, त्यातही पाणी पिताना, ठसका लागणाऱ्या वृद्धाची गिळण्याची यंत्रणा तपासायची असते. संध्याकाळची ‘कसर’ आणि ‘हुडहुडी भरून ताप’ यांत क्षय आणि हिवताप यांच्याइतके अंतर असू शकते. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ‘हातापायाला मुंग्या येतात’ ही तक्रार आयसोनियाझिडकडे बोट दाखवते आणि ‘लाल-हिरवं नीट कळत नाही’ ही एथॅम्ब्युटॉलकडे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाजवळ तर आणखी एक भांडवल असते: घरात एक भाषा, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी. रुग्णाचा शब्द न बदलता ऐकून घ्यायचा आणि मग तो शास्त्राच्या भाषेत न्यायचा, हे काम त्याने लहानपणापासून केलेले असते.

या प्रवासाला जुने उदाहरण आहे. डॉ. रखमाबाई लंडनच्या महिला वैद्यक विद्यालयात शिकल्या, परवान्यासाठी त्यांना स्कॉटलंडमध्ये परीक्षा द्यावी लागली, आणि १८९४ साली पात्र होऊन त्या परतल्या. पुढची बहुतेक सारी वैद्यकीय कारकीर्द त्यांनी सुरत आणि राजकोट येथे, म्हणजे गुजराती बोलणाऱ्या स्त्रियांच्या खाटांशेजारी काढली. लंडनमध्ये इंग्रजीत शिकायचे, मुंबईच्या मराठीत विचार करायचा आणि सुरतेत गुजरातीत प्रश्न विचारायचे. एकाच परवान्यावर तीन भाषांचा संसार.

आकड्यांचे पाठांतर मात्र टाळता येत नाही, त्याबद्दल थोडक्यात. तीव्र ॲलर्जीच्या धक्क्यात प्रौढाला ॲड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मेंदूतील गुठळी विरघळवण्याची मुदत साडेचार तास, पण त्याआधी रक्तातली साखर आणि सीटी. रक्तातले सोडियम बऱ्याच दिवसांपासून खाली असेल तर चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढवायचे नाही. मधुमेहातल्या किटोॲसिडोसिसमध्ये आधी सलाइन, आणि पोटॅशियम फार खाली असेल तर इन्सुलिन थांबवून पोटॅशियम. क्षयात पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. असे पन्नास-साठ आकडे एका पाठकोऱ्या वहीत लिहून रोज सकाळी दहा मिनिटे झाकून म्हणावेत. याहून जास्त वेळ त्यांना देऊ नये.

प्रश्नाचे वाचन ही स्वतंत्र विद्या आहे. परीक्षेचे दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. शेवटची ओळ आधी वाचावी. ‘पहिली चाचणी’, ‘सर्वांत निर्णायक चाचणी’ आणि ‘पुढची पायरी’ यांची उत्तरे एकाच रुग्णासाठी वेगवेगळी असतात. फुप्फुसातल्या गुठळीत निर्णायक चाचणी सीटी. पण रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असेल तर पुढची पायरी आधाराची. वय, लिंग, किती दिवस आणि रक्तदाब, एवढ्या चार गोष्टींखाली मनात रेघ ओढली की निम्मे पर्याय गळतात. गुणकपात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. तरीही घाबरून कोरे सोडणारे दर सत्रात निघतात, हे आश्चर्य आहे.

पालकांनी काय करावे, असे विचारले जाते. शिकवणीचे शुल्क भरून पालक स्वस्थ बसतात आणि मग दर रविवारी ‘किती झालं?’ म्हणून विचारतात. त्याऐवजी एक काम त्यांना करता येईल. संध्याकाळी अर्धा तास वडिलांनी खुर्चीत रुग्ण होऊन बसावे. प्रश्नसंचातला एक प्रश्न घ्यावा, त्यातली माहिती स्वतःजवळ ठेवावी आणि विचारल्याशिवाय सांगू नये. ‘काय होतंय, काका?’ इथून मुलाने सुरुवात करावी. पाच-सात दिवस हसण्यात जातात. मग लक्षात येते की मुलगा तंबाखू विचारायला विसरतो, मुलगी पाळीची तारीख विचारायला संकोचते, आणि दोघेही तिसऱ्या मिनिटाला निदान सांगून मोकळे होतात. घरात खरोखरच आजी असेल तर अधिकच बरे. तिच्या गुडघ्यांची, झोपेची आणि गोळ्यांची विचारपूस करण्यात वैद्यकाचे चार विषय येऊन जातात आणि आजीलाही कोणीतरी पुरते ऐकून घेते.

झोपेच्या बाबतीत पालकांनी कठोर व्हावे. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेले सकाळी उरत नाही, आणि परीक्षा दिवसा असते.

अपयश आलेच तर पुढचे सत्र सुमारे सहा महिन्यांवर असते. त्यातला पहिला पंधरवडा नवी शिकवणी शोधण्यात घालवू नये. सराव परीक्षांत चुकलेले प्रश्न बाहेर काढावेत आणि प्रत्येकापुढे चूक कोणत्या जातीची ते लिहावे: माहितीच नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, की आठवली आणि प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या जातीला पुस्तक लागते, दुसरीला कोरा कागद, तिसरीला घड्याळ लावून सराव. तिन्हींवर एकच औषध, म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून वाचन, असे उपचार करणारे उमेदवार वर्षानुवर्षे १३० ते १४५ गुणांच्या पट्ट्यात अडकून राहतात. अशा उमेदवाराची चुकांची वही उघडून पाहिली तर बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचीच पाने भरलेली दिसतात.

उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी होते आणि एक वर्षाची आंतरवासिता सुरू होते. उजळणीच्या काळात भरलेले कोरे कागद, छातीत दुखण्याचा, कावीळीचा, तापाचा, धापेचा, त्या वर्षासाठी फायलीत लावून जवळ ठेवावेत. रात्रपाळीला ते कामाला येतात.